गुरुजींचा खिसा

“किती वर्षं खाताय?”

डॉक्टर चौगुल्यांनी हे विचारताना मान वर केली नाही. पेन कागदावर टेकवून ते आकड्याची वाट बघत होते.

“काय खातोय?”

“तंबाखू हो.”

“मी तंबाखू खात नाही.”

तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पोरगेलेसे डॉक्टर, कामानं पिचलेले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या आणि नजर माझ्या चेहऱ्यावरून घसरत सदऱ्याच्या खिशावर येऊन थांबली.

“गुटखा? मावा? मिश्री?”

“नाही. नाही. आणि नाही.”

“मग हा वास कसला?”

“तो खिशाचा आहे.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्या शेजारी बसलेल्या हौसानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पदर तोंडाला लावला. मला वाटलं, तिला हसू येतंय.

“गुरुजी, सकाळपासून मी चाळीस तोंडं बघितलीत,” डॉक्टर म्हणाले, “त्यातला एकही माणूस तंबाखू खात नव्हता. विचारा बाहेर. समदे संत आहेत. खिशात काय आहे, दाखवा.”

मी खिशात हात घातला. दोन पुड्या निघाल्या. एक उघडीच होती. तिच्यातली भुकटी टेबलावर सांडली.

“या माझ्या नाहीत,” मी म्हणालो.

हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मलाच कसंतरी झालं. तीस वर्षं वर्गात हेच वाक्य मी पोरांच्या तोंडून ऐकत आलो होतो आणि एकदाही त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

खिशाची गोष्ट अशी. मी कासारमाळच्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवायचो. आमचा भाग तंबाखूचा. हंगामात गावावरून वारा आला की माणसाला शिंका येते. घराघरांत पुडी, कडोसरीला चंची. पोरं बापाचं बघून चिमूट लावायला शिकायची. एकदा वर्गात मी बोलून गेलो, “घरात पुडी दिसली की मला आणून द्या.” बोललो आणि विसरलो. पहिलीची पोरं काही विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलासमोर रांग लागली. टेबलाच्या खणाला कुलूप नव्हतं, आणि सातवीतली टोळकी मधल्या सुट्टीत खण उचकायची. म्हणून मी पुड्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या. तेव्हापासून पोरांनी खिसाच धरला. टाचा उंचावून स्वतःच्या हातानं पुडी खिशात टाकायची, हा त्यांचा मान. शाळा सुटली की मी मागच्या खड्ड्यात सगळं ओतून वर माती लोटायचो. कधी विसरायचो.

गावानं याची चेष्टाच केली. माझ्या वर्गातल्या संगीचा आजा, तात्या मगदूम, पारावरून ओरडायचा, “काय गुरुजी, माझी पुडी संपिवली का हाय शिल्लक? तुमचं बरं हाय. मास्तरकी करून तंबाखू फुकट!” लोक हसायचे. मीही हसायचो. त्याची किंमत पुढं असल्या ठिकाणी मोजावी लागेल, हे कुणाला ठाऊक?

डॉक्टर चौगुल्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. लिहिलं मात्र काहीच नाही. मग ते हौसाकडं वळून म्हणाले, “मावशी, जरा बाहेर या. एक सही पाहिजे.”

हौसा गेली. बऱ्याच वेळानं आली. डोळे लाल होते. इस्पितळात डोळे लाल व्हायला कारण लागत नाही, म्हणून मी काही विचारलं नाही.

मी आलो होतो जिभेवरच्या गाठीसाठी. जिभेच्या वरच्या अंगाला, मधोमध, हरभऱ्याच्या दाण्याएवढी टणक गाठ. दुखत नव्हती. वाढायची तीही आपल्या सवडीनं. मला वाटलं, चावली असेल जीभ. पण त्या वर्षी पाढे म्हणताना ती टाळूला लागायला लागली. मग गावातल्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. हळद लावा. तुरटी लावा. कुणी म्हणालं, दुसऱ्याची तंबाखू खाऊन नाही म्हणालात, त्याचं फळ आहे. हेडमास्तरांनी दारं लावून मला सांगितलं, “आता तरी सोडा की हो!” मी काय सोडू? कपाळ?

शहरातल्या त्याच इस्पितळात जिभेचा तुकडा काढला. चिमट्यानं टचकन. पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी, रेळेकरांनी, आम्हां दोघांना बोलावलं.

“कॅन्सर आहे,” ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांच्या दाराबाहेर रांग होती. “वेळेत आलात. अर्धी जीभ काढू. मानेतल्या गाठीही काढू. जीव वाचेल.”

“बोलता येईल?”

“घरच्यांना समजेल इतपत.”

“पहिलीच्या पोरांना?”

डॉक्टरांनी हौसाकडं पाहिलं. “गुरुजी, आधी जीव. शाळा नंतर.”

त्यांना काय सांगायचं? पहिलीचं पोर पुस्तकातून शिकत नाही. ते गुरुजींच्या तोंडाकडं बघून शिकतं. जीभ दाताला कुठं लागली, टाळूला कुठं टेकली, हे ते टक लावून बघतं आणि तसंच करतं. बिनजिभेचा पहिलीचा मास्तर म्हणजे बिनपाण्याची विहीर. तिच्यात डोकावून पोरांनी करायचं काय?

“मला रीत दाखवा,” मी म्हणालो.

“काय?”

“गणिताची रीत. नुसत्या उत्तराला मी वर्गात गुण देत नाही. कॅन्सर आहे, हे उत्तर झालं. ते आलं कुठून, ते दाखवा.”

“तीस वर्षं डॉक्टरकी करतोय मी.”

“मीही तीस वर्षं मास्तरकी करतोय. बरोबर उत्तर नकलेनंही येतं.”

“अहो, गप बसा की!” हौसा कळवळून म्हणाली.

रेळेकरांचा संयम संपला. बाहेरून शिपाई दोनदा डोकावून गेला होता. “असं करा,” ते म्हणाले, “खाली तळघरात जा. तिथं इनामदार मॅडम आहेत. तुमचा तुकडा त्यांनी तपासलाय. त्यांना दाखवायला सांगा तुमची रीत. मात्र ऑपरेशन सोमवारी आहे. शुक्रवारी ॲडमिट व्हायचं.”

मला कटवायला ते तसं म्हणाले, हे मला कळत होतं. वर्गात त्रास देणाऱ्या पोराला मीही पाणी आणायला पाठवतोच. तरी मी गेलो. हौसा वरच बसली. पाय दुखतात म्हणाली.

तळघरात औषधांचा उग्र वास होता. डॉक्टर फरीदा इनामदार पन्नाशीच्या होत्या. चष्मा कपाळावर चढवलेला, आणि समोर काचपट्ट्यांचे ट्रे. मला पाहताच त्या म्हणाल्या, “रिपोर्ट वर मिळतात.”

“रिपोर्ट मिळाला. मला तो कसा काढला ते बघायचंय.”

“कुणी पाठवलं तुम्हाला?”

“रेळेकर साहेबांनी.”

“त्यांना हल्ली माझी फार आठवण येते!” त्या पुटपुटल्या. पण काचपट्टी शोधली, सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं. “एक डोळा मिटा. काय दिसतंय?”

“गुलाबी जांभळी नक्षी.”

“ती तुमच्या जिभेची वरची कातडी. तिच्यातून बोटं खाली उतरलेली दिसतात? कातडीनं असं खाली हातपाय पसरायचे नसतात. कॅन्सर झाला की पसरते. झाली तुमची रीत?”

मी बघत राहिलो. बोटं उतरली होती खरी. पण बोटांच्या टोकांशी चित्र संपत होतं. खाली कोरी काच.

“याच्याखाली काय आहे?”

“याच्याखाली काही नाही. तुकडा एवढाच आला.”

“जिभेत तर असेल की.”

त्यांनी मला बाजूला सारून स्वतः डोळा लावला.

“पापुद्राच आहे,” त्या तिरसट आवाजात म्हणाल्या. “वरून खरवडून पाठवतात आणि म्हणतात, सांगा काय आहे ते. पण गुरुजी, तुमच्यासारख्या माणसाला, वीस वर्षं तंबाखू खाणाऱ्याला, अशी कातडी दिसली की...”

“मी तंबाखू खात नाही!”

माझा आवाज इतका चढला की पलीकडची काम करणारी बाई हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. आयुष्यभर मी वर्गात आवाज चढवला नव्हता. त्या तळघरात तो सगळा साठलेला बाहेर आला.

इनामदार बाईंनी तुकड्यासोबत आलेला कागद पुढं ओढला. “इथं लिहिलंय. वीस वर्षं तंबाखू. रुग्ण नाकारतो. माहिती पत्नीकडून.”

“कुणाकडून?”

“पत्नीकडून. तुमच्या मंडळींनी सांगितलंय.”

मी कागद ओढून ती ओळ स्वतः वाचली. बाई काहीतरी बोलत होत्या, ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

“तोंड उघडा म्हणते मी.”

त्यांनी ड्रॉवरमधून टॉर्च काढली. खालचा ओठ बोटानं ओढून हिरडीच्या आणि ओठाच्या मधली घळ पाहिली, जिथं लोक चिमूट धरतात. गाल आतून पाहिले. दात मागून पुढून पाहिले. मग टॉर्च बंद केली.

“वास येतोय खरा तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

मी खिशाची गोष्ट सांगितली. आता मला ती सांगायचाही कंटाळा आला होता. पण या बाई अख्खी ऐकून घेऊन खुदकन हसल्या.

“वीस वर्षं तंबाखू धरलेली घळ अशी नसते,” त्या म्हणाल्या. “ती पांढरी पडते, सुरकुतते. दात काळे होतात. तुमचं तोंड बघून वाटतं, हा माणूस साधी सुपारीसुद्धा खात नाही. आणि ही गाठ जिभेच्या कडेला नाही, वर मधोमध आहे. तंबाखूचा कॅन्सर सहसा तिथं बसत नाही. वर एवढी माणसं आहेत. तोंडात कुणी नीट बघितलं की नाही?”

“बघितलं की. मग खिसा बघितला.”

“हं.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “मलाही बोल लागतोच. मी कागद आधी वाचला आणि काच नंतर बघितली. माझ्या विद्यार्थ्यांना मी याच्या उलट शिकवते.”

“मग हा कॅन्सर नाही?”

“असं मी म्हटलेलं नाही. असूही शकेल. पण काही गाठी अशा असतात गुरुजी, की त्या खाली दडून बसतात आणि त्यांच्या वरची कातडी उगाच बिथरते. ती कॅन्सरचं सोंग घेते. फार क्वचित दिसतात. कणीस भरलंय की नाही, हे वरचं पान बघून सांगता येतं का?”

“सोलून बघावं लागतं.”

“तेच करायचंय.”

त्यांनी फोन उचलला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण अंदाज येत होता.

“रेळेकर, सोमवारचं थांबवा... नाही, तुमची लिस्ट मला माहीत आहे... हो, माझ्याच सहीचा रिपोर्ट आहे, तो मीच मागे घेतेय... मला खोल तुकडा हवा. गाठीच्या पोटातला. पापुद्रा नको... माणूस तंबाखू खात नाही... मी तोंड बघून सांगतेय, कागद बघून नाही.”

वर आलो तेव्हा हौसा इस्पितळाच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती. तिथं सगळ्या पेशंटांचे नातेवाईक डबे सोडतात. तिनं दहीभात कालवून ठेवला होता.

“तू सांगितलंस?” मी विचारलं.

काय, असं तिनं विचारलं नाही. “व्हय.”

“मी खातो म्हणून?”

“त्यो डाक्टर म्हणला, मावशी, समदी लपिवत्यात. तुमी तरी खरं बोला. लपिवलं तर उपचार चुकंल.”

“मग खरं बोलायचं होतंस!”

“मला काय खरं ठावं?” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “तुमचं सदरं म्या धुत्ये. खिसा उलटा करून झाडत्ये. तुमी म्हणता पोरांची. असंल पोरांची. पण समदी पोरांचीच कशावरनं?”

“मी तुला सांगितलं होतं म्हणून!”

“आमच्या आबानंबी सांगितलं हुतं.”

तिच्या वडलांना जबड्याचं दुखणं झालं होतं, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं ती कधी बोलली नव्हती.

“डाक्टरनं इचारलं, तंबाखू खाता का? आबा म्हणला, शिवत न्हाई. म्या तितंच हुते, आईच्या मागं. पटक्याच्या घडीत पुडी हुती. मला दिसत हुती. आबानं माझ्याकडं बघून डोळं मोठं केलं. म्या गप बसले. गावाकडं आलो, तर तीच पुडी, त्योच पटका. पुढच्या सुगीला आबा न्हाई.” तिनं डब्यातला भात उगाच पुन्हा कालवला. “तवाच म्हणलं, पुन्यांदा गप बसायचं न्हाई.”

मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला. अख्ख्या गावानं चेष्टा केली, ती मी हसण्यावारी नेली, कारण घरात एक माणूस आहे जिला खरं ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो. मी डबा बाजूला सारला. तिनं तो पुढं ओढला. मी पुन्हा सारला. तिनं पुन्हा ओढला. मग मी खाल्ला. भूक लागली होती.

खोल तुकडा घेताना बरंच दुखलं. तो तपासून झाल्यावर इनामदार बाईंनी आम्हां दोघांनाही खाली बोलावलं. या वेळी स्टुलावर त्यांनी आधी हौसाला बसवलं.

“मावशी, बघा. काय दिसतंय?”

हौसानं एक डोळा पदरानं झाकला आणि दुसरा लावला. “रवा सांडल्यागत दिसतंया.”

“अगदी तसंच. या गाठीच्या पेशी मोठ्या असतात आणि त्यांच्यात रव्यासारखे बारीक कण भरलेले असतात. नसेच्या वेष्टणातून ही गाठ उगवते. कॅन्सर नाही. मुळासकट काढली की बहुतेक वेळा परत येत नाही.”

“जीभ?” मी विचारलं.

“गाठीपुरती जाईल. आजूबाजूची थोडी. बाकी तुमची तुम्हाला.”

“आन् तंबाखूनं झाल्याली न्हवं?” हौसानं विचारलं.

“तंबाखूचा काही संबंध नाही, मावशी. ते खातच नाहीत.”

हौसा स्टुलावरून उतरली नाही. पुन्हा डोळा लावून बघत बसली, दुसरे पेशंट येईपर्यंत.

रेळेकरांनी गाठ काढली. हात सुरेख होता त्यांचा. निघताना खांद्यावर थाप मारून म्हणाले, “गुरुजी, रीत बरोबर आली ना?” मला बोलायची मनाई होती, म्हणून मी हातानंच दहापैकी सहा दाखवले. ते मोठ्यानं हसले.

टाके सुटेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, अशी ताकीद होती. पण घरी बसून करायचं काय? शाळेत जायला म्हणून खुंटीवरचा सदरा काढला तर त्याला खिसा नव्हता. दुसरा काढला, त्यालाही नाही. मी इस्पितळात असताना हौसानं सगळ्या सदऱ्यांचे खिसे उसवून टाकले होते. कापड उन्हापाण्यानं विटलं होतं आणि खिशाच्या जागी तेवढा चौकोन नव्यासारखा दिसत होता. मी तिच्याकडं पाहिलं.

“पुन्हा कुणी वास घ्याया नगो,” ती म्हणाली. “आन् कुणाला काय वाटाया नगो.”

बोलायची मनाई नसती तर मी पुष्कळ बोललो असतो.

वर्गात पोरं मला बघून आधी ओरडली आणि मग, गुरुजी बोलत नाहीत हे कळल्यावर, तीही कुजबुजायला लागली. मी खडूनं लिहायचो आणि पोरं म्हणायची. मी हात वर केला की मोठ्यानं, खाली केला की हळू. असा शांत वर्ग मला पुन्हा मिळाला नाही. मधल्या सुट्टीत हौसा पेजेचा डबा घेऊन दारात येऊन उभी राहिली.

तेवढ्यात संगी मगदूम माझ्यासमोर आली. तीच, पारावरच्या तात्याची नात. मूठ घट्ट मिटलेली. तिनं सवयीनं टाचा उंचावल्या, हात माझ्या छातीपर्यंत नेला आणि तो त्या चौकोनावर आपटून खाली आला. तिनं पुन्हा हात नेला. चौकोनावरून बोटं फिरवली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

“गुरुजी, खिसा कुठाय?”

बोलायची मनाई होती. मी उसवलेल्या चौकोनाकडं बोट केलं.

“तात्या हुडकत्यात,” संगी रडवेली होऊन म्हणाली. “घरी नेली तर खात्यात. कुठं टाकू?”

सगळा वर्ग माझ्या सदऱ्याकडं बघत होता. मी हौसाकडं पाहिलं. ती दारात डबा धरून तशीच उभी होती. तिची नजर संगीच्या मुठीवर खिळली होती.

मग तिनं डबा टेबलावर ठेवला, संगीच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि पदर पसरला.

“आण हिकडं,” ती म्हणाली. “टाक ह्यात.”

संगीनं पुडी टाकली. हौसानं पदराला गाठ मारली आणि तो कमरेला खोचला. मागं आणखी एक पोर उभं राहिलं, त्याच्या मागं आणखी एक.

“सावकास,” हौसा म्हणाली. “ढकलाढकली नगो. आन् त्या तात्याला सांग, पुडी गुरुजीच्या बायकूनं खाल्ली.”